तारेत बोलणारे मालबाबू

माणूस मारायला विष लागत नाही की सुरा लागत नाही. पोटात माया आणि हाताशी सात रिकामी पोती असली तरी काम भागतं. हे मी कुठं वाचलेलं नाही, स्वतः करून पाहिलेलं आहे. किशनराव त्यातून वाचले ही त्यांची करामत. माझ्या बाजूनं मी काही कसर ठेवली नव्हती.

लढाईचे दिवस होते. पलीकडं जर्मन-इंग्रजांची जुंपली होती आणि इकडं निजामाच्या मुलखात, चुडाव्याच्या आसपासच्या एका स्टेशनावर, मी तारबाबू म्हणून रुजू झालो. स्टेशनचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून असतील आणि मला ओळखतील. एक फलाट, एक मालधक्का, पत्र्याचं गोदाम, चार बाभळी आणि चहूकडं काळं रान, एवढंच ते गाव. स्टेशनमास्तर सत्तारसाहेब, मालाची चढउतार बघणारे मालबाबू किशनराव, पोर्टर मारोती आणि बाविशीतला, स्वतःला फार हुशार समजणारा मी.

माझ्या आणि किशनरावांच्या खोल्यांत मिळून एकच भिंत होती आणि तीही आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती. पहिल्याच दुपारी जरा आडवा झालो तर पलीकडून बारीक सूर यायला लागला. वर जायचा, खाली यायचा, मध्येच तुटायचा. शेजाऱ्याला पावा वाजवायचा नाद आहे हे कळून मला बरं वाटलं. ओळख काढायची म्हणून मी भिंतीवरून आवाज दिला, "छान वाजवता. पण सूर मध्येच का तोडता? जरा ओढा की."

सूर थांबला. मग पलीकडून एक शब्द आला.

"दमा."

त्या दिवशी संध्याकाळी मी तोंड लपवून तारघरात बसलो होतो, तर किशनराव स्वतःच आले. उंच, वाळलेले, खांदे कायम वर उचललेले, कुणी मानेला धरून खुंटीला अडकवल्यासारखे. उपरण्याचं एक टोक नाकाशी. त्यांनी स्टूल ओढलं, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवले, कोपरं बाहेर काढली आणि म्हणाले, "पावा आवडला?" एवढंच बोलून हसले. त्या हसण्यातही तोच पावा होता.

त्यांचं बोलणं सगळं असं, तारेत. तार पाठवणारा जसा शब्द वाचवतो तसे ते श्वास वाचवत. सवयीनं मी त्यांचेही शब्द मोजायला लागलो. दोन शब्द म्हणजे वाईट दिवस, चार म्हणजे बरा. पाच शब्दांचं वाक्य ऐकलं की मी मारोतीला सांगायचो आणि मारोती वहिनींना, म्हणजे किशनरावांच्या बायकोला, जाऊन सांगायचा.

पण त्या कंजूषपणानं त्यांच्या बोलण्याला अशी धार आली होती की लांब बोलणारे त्यांच्यापुढं टिकत नसत. एकदा वरून साहेब आले. व्यापाऱ्याची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, दोन दिवस भरल्याविना उभी का, म्हणून विचारायला लागले. मारोतीनं सुरुवात केली ती व्यापाऱ्याच्या सासुरवाडीपासून. सत्तारसाहेबांनी त्यात हैदराबादच्या हवेची भर घातली. मी नियमांची कलमं सांगितली. साहेब कातावले, तेव्हा किशनराव म्हणाले, "बैल आले. व्यापारी झोपला." साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि गेले.

सत्तारसाहेब मग दिवसभर म्हणत होते, "क्या किशनराव, मेरेकू बीस मिनट बोलने कायकू दिये?"

"गोड बोलत होतात," किशनराव म्हणाले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे रजा. स्वतःला मिळत नव्हती, म्हणून ते वस्तूंना देत. दमा कशानं उठतो हे शोधून काढायचंच असा त्यांनी ध्यास घेतला होता. सगळं एकदम सोडून उपयोग नाही, कारण मग चोर कोण ते कळत नाही. म्हणून एका वेळी एक. आठ दिवस दह्याला रजा. काही फरक नाही, दही कामावर हजर. मग केळ्याला रजा. मग हरभऱ्याच्या डाळीला. मग भुरी नावाची मांजर होती तिची मारोतीच्या घरी बदली झाली. त्यानंही काही फरक पडला नाही, पण तोवर ती मारोतीकडं रमली होती.

गयाबाई वहिनी पाणी भरता भरता मला म्हणाल्या, "भावजी, आता ह्या घरात मलाच तेवढी रजा द्यायची राह्यलीय."

"अर्ज करा," आतून आवाज आला.

"बघा. बायकोला टोमना मारायला बरा दम पुरतो."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते पौषात जंक्शनचे डॉक्टर ट्रॉलीवरून येईपर्यंत. त्यांनी किशनरावांच्या छातीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं आणि नळी काढून खिशात घातली. "किशनराव, मागच्या खेपेलाही हेच ऐकलं होतं. वैशाखात परत येईन. तेव्हाही शिट्टी वाजली तर अनफिट लिहावं लागेल. माझा इलाज नाही."

अनफिट म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर क्वार्टर. गावाकडचं घर भावाच्या नावावर झालेलं, तिथं यांना उभं राहायलाही जागा नव्हती. दोन मुली, धाकटी अजून पाटीवर अक्षरं गिरवत होती. रजेचा अर्ज टाकावा तर उत्तर ठरलेलं: लढाई चालू आहे, बदली माणूस नाही. बदलीचा अर्ज टाकावा तर मालबाबूला मालाचंच स्टेशन मिळणार. म्हणजे इथं राहावं तर छाती बंद आणि जावं तर सगळंच बंद. डॉक्टर गेल्यावर किशनराव बराच वेळ फलाटाच्या टोकाला उलट्या खोक्यावर बसून राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "चार महिने."

त्या दिवसापासून त्यांनी लिहायला सुरुवात केली. जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर डाव्या बाजूला त्या दिवशी गोदामात काय माल होता ते आणि उजव्या बाजूला सिग्नलचा एक हात काढलेला. हात खाली पडलेला म्हणजे रस्ता मोकळा, श्वास चालू. हात आडवा म्हणजे गाडी थांबली. संक्रांत उलटेपर्यंत त्या कागदांनी चोर पकडला. सरकी: खाली. ज्वारी: खाली. गूळ: खाली. एरंडी: आडवा. एरंडी: आडवा. आमच्याकडं शेताच्या बांधाबांधावर एरंड्या असतात. त्यांचं बी व्यापारी गोळा करायचा, गोदामात थप्पी लावायचा आणि वाघीण मिळाली की पाठवायचा.

वहिनींना हे पटेना. "एरंडेल तर मी रोज ह्यांच्या छातीला चोळायलेय. लेकरांना पाजायलेय. एरंडीनं कुनाला काय झालंय आजवर?"

"तेल नव्हे. धूळ," किशनराव म्हणाले.

सत्तारसाहेब मनाचे दिलदार. "हौ किशनराव, एरंडी के दिन तुम सिग्नल के पास बैठो. गोदाम मैं देखतूं." आणि खरंच त्यांनी मिश्यांना रुमाल बांधून, नाराज मुद्रेनं, पोती मोजून घेतली. पाडव्याच्या सुमाराला एरंडीचा हंगाम संपला. गोदाम झाडून झालं. आणि किशनरावांचे शब्द वाढले. पाच, सहा. एके दिवशी तर ते म्हणाले, "आज आंब्याच्या झाडाखाली बसून पोटभर जेवावं म्हणतो." सात शब्द. मारोती ते सांगायला धावत गेला आणि वहिनींनी खरोखर त्या दिवशी पुरण घातलं.

इथं मी यायला नको होतं. पण आलो.

ऊन तापायला लागलं होतं. चैत्र सरता सरता झळा अशा यायच्या की रूळ पाण्यासारखे हलताना दिसत. मागं एका बड्या साहेबांचा डबा आमच्या स्टेशनावर उभा राहिला होता, त्याच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या, त्यांवर पाणी मारलेलं आणि आत गारवा. माझ्या डोक्यात आलं की किशनरावांच्या छातीला झळ आणि धूळ दोन्ही नकोत, तर त्यांना अशी ताटी करून द्यावी. वाळा आणायचा कुठून? गोदामाच्या कोपऱ्यात फाटकी रिकामी पोती पडली होती. घट्ट विणीची सात निवडली. दाभण आणि सुतळी घेऊन अर्धा दिवस शिवत बसलो, बोटं फोडून घेतली. दोन खिडक्यांना दोन, दोन दारांना चार आणि उरलेलं एक त्यांच्या बाजेवर, गोधडीखाली. वर पाण्याचे हबके मारले. खोली गार झाली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सख्खा दीरबी एवढं करत न्हाई." मी मान खाली घातली. असं कौतुक ऐकताना मान खाली घालायची हे मला तेव्हाही येत होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पावा सुरू झाला.

मी धावत गेलो. दारं लावलेली, पोती सोडलेली, आत अंधार. किशनराव बाजेवर बसलेले, तळहात गुडघ्यांवर, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. डोळे मोठे झाले होते आणि ते सगळीकडं फिरत होते, कोंडलेल्या माणसाचे फिरतात तसे. तोंडातून शब्द निघेना. त्यांनी हातानं खिडकी दाखवली. पोत्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप त्यांच्यावर पडत होती. ऊन लागतंय, असं मला वाटलं. मी माझ्या खोलीत ठेवलेलं त्याच ढिगातलं आणखी एक पोतं आणलं, ते स्वच्छ असावं म्हणून तिथंच दोनदा जोरानं आपटलं आणि फट बुजवली. त्यांनी दार दाखवलं. मी ते नीट लावून कडी घातली. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं जवळ बस म्हणतायत. मी जवळ जाऊन बसलो आणि वारा घालायला म्हणून गोधडी झटकली.

"सरका, भावजी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मला अक्षरशः बाजूला लोटलं, कडी काढली आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर बाभळीखाली नेलं. तिथं जाळणारं ऊन होतं, पण अर्ध्या तासानं ते दोन शब्द बोलले. "बाहेर बरं."

बाहेर किती बसणार? झळा लागून माणूस पडायचा. परत आत. परत तेच. बाहेर ऊन आणि आत फास. सात-आठ दिवस उजव्या बाजूचे सगळे सिग्नल आडवे. आणि डाव्या बाजूला एरंडीचं नाव नाही. गोदाम रिकामं, हंगाम संपलेला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो तेव्हा त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला. "चुकलो," म्हणाले.

चार महिन्यांचा शोध त्या एका शब्दात पाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी वहिनी फळीवरची भांडी उतरवून गोणीत भरायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना यायला पाच दिवस होते. थोरली मुलगी विचारत होती, "आई, कुठं जायचंय?" आणि तिची आई भांड्यात भांडं घालत होती. मी मात्र त्या काळात अतिशय सेवाभावी झालो होतो. दर तासाला पोत्यांवर पाणी मारत होतो.

त्या पाण्यानंच मला पकडून दिलं. किशनरावांना सगळं टिपायची खोड. चोर सापडला नाही म्हणून ती गेली नव्हती. मी पाणी मारलं की ते वेळ टिपून ठेवत. त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्टेशनावर तारांची झुंबड होती, मी दुपारभर अडकलो, पाणी मारलं नाही. तिसऱ्या प्रहरी त्यांनी मला आणि मारोतीला हाक मारली. आम्ही गेलो तर ते बाहेर पायरीवर बसले होते, मांडीवर कागद. त्यावर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा लिहिल्या होत्या. ओलं: खाली. सुकलं: आडवा.

"पोती कशाची?" त्यांनी मारोतीला विचारलं.

"एरंडीची व्हती की," मारोती म्हणाला. "पर रिकामी हायत, मालबाबू. तारबाबूंनीच निवडून नेली. लय घट्ट वीण हाय म्हनले."

किशनरावांनी माझ्याकडं पाहिलं. पळून जावं तर गाडी संध्याकाळची.

"किती?"

"सात," मी म्हणालो. मग वाटलं आता लपवण्यात अर्थ नाही. "फटीचं धरून आठ."

ते हसायला लागले. पाव्यासकट हसले, खोकले, पुन्हा हसले. वहिनी आतून पळत आल्या, त्यांना वाटलं जीव जायलाय. "पोत्यांची बदली करा," ते म्हणाले.

आठही पोती मारोतीनं लांब नेऊन टाकली. वहिनींनी खोली ओल्या फडक्यानं तीन वेळा पुसली, भिंतीसुद्धा. गोधडी उकळली. दुसऱ्या दिवशी सिग्नल अर्धा पडला, तिसऱ्या दिवशी पुरता.

डॉक्टर आले, तेव्हा छाती स्वच्छ होती. त्यांनी पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं. "वा. फिट लिहितो," म्हणाले. सत्तारसाहेबांनी चहा मागवला. दाराआडून बांगड्या वाजल्या. मी मोकळा श्वास घेतला, सगळ्यांत जास्त मीच घेतला असेन. आणि किशनराव म्हणाले, "नको साहेब."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला.

"पौषात एरंडी येईल," ते म्हणाले. आणि दम घेऊन, "परत हेच."

मग त्यांनी कागदांची चळत डॉक्टरांपुढं ठेवली. डॉक्टरांनी ती लक्ष देऊन चाळली. "एरंडीचं मी ऐकलंय. परदेशात तेलगिरणीच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना असा दमा लागतो, असं तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलंय म्हणे. धुळीनं. पण रिकाम्या पोत्यानं? त्यात काय असतं? असं मी कागदावर लिहिलं तर वरचे मला हसतील."

"दाखवतो," किशनराव म्हणाले.

"क्या पागल हुए क्या?" सत्तारसाहेब पुटपुटले. "फिट लिख रहे ना साहब. चुप बैठो."

किशनराव ऐकेनात. मारोती टाकलेल्यांतलं एक पोतं घेऊन आला. किशनराव फलाटावर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पोत्यापासून दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. उपरणं नाकावरून काढून त्यांनी खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, "तुम्ही झाडा."

"मी नाही," मी म्हणालो.

"शिवली तुम्ही."

मी वहिनींकडं पाहिलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी पोतं उचललं आणि झाडलं. फारसं काही उडालं नाही. उन्हात थोडं धुकं दिसलं न दिसलं एवढंच. मी पुन्हा झाडलं. डॉक्टरांनी घड्याळ काढलं होतं, ते त्यांना पुरतं बघायलाही मिळालं नाही. किशनरावांचे खांदे वर गेले. पावा वाजला. मग पावाही वाजेना, नुसतं तोंड उघडं. ते खाली बसले आणि तळहात गुडघ्यांवर रोवले. त्यांचे ओठ निळे पडलेले मी पहिल्यांदा पाहिले. पोतं माझ्या हातातच होतं, ते टाकावं हेही मला सुचत नव्हतं. ते मारोतीनं ओढून घेतलं.

डॉक्टरांनी दंडात सुई दिली. आम्ही सगळे त्या एका छातीकडं बघत उभे होतो. किती वेळ गेला कोण जाणे, हळूहळू खांदे खाली आले.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "लिहितो. एरंडीची धूळ, आणि रिकामी पोतीसुद्धा. पण खरं लिहायचं तर मालाच्या कामाला अनफिट असंच लिहावं लागेल. मालबाबू म्हणून तुम्हाला ठेवता येणार नाही."

"दुसरं काम?"

"गंगाखेडच्या बाजूला एक फाटक आहे. उघड्या रानात. फाटकवाल्याची जागा. तेवढी मी शिफारस करू शकतो."

किशनरावांनी थोडा वेळ समोरच्या रुळांकडं पाहिलं. हाताखाली पोर्टर असलेला, कानाला टाक लावलेला माणूस तो. "चालेल," म्हणाले.

वहिनींनी भांडी पुन्हा गोणीत भरली, पण आता नवी गोणी होती, मारोतीनं हुंगून आणलेली. "बाबूची बायको म्हनून आले," त्या मला म्हणाल्या, "आन् फाटकवाली म्हनून जायलेय." मी गोणीचं तोंड बांधायला लागलो. मग त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. ह्या मानसाला आडवं होऊन निजलेलं तरी बघीन एकदा." निघताना मारोती भुरीला काखेत मारून आला. "बदली रद्द," किशनराव म्हणाले आणि मांजर घेतलं. मला म्हणाले, "तुमच्यामुळं कळलं." हे त्यांनी मला दिलासा म्हणून म्हटलं, हे मला तेव्हाच समजलं. तरी मी ते खरं धरून चालतो. सोयीचं आहे.

आता ह्याला नाव आहे, अ‍ॅलर्जी. आपण वावडं म्हणायचो. माझ्या नातवाला शिंका येत, तर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातावर निरनिराळे थेंब टाकले, प्रत्येकाला सुईची टोच दिली आणि कुठं गांधी उठते ते पाहिलं. मी विचारलं, "एरंडी आहे का ह्यात?" त्या चमकल्या. म्हणाल्या, "नाही आजोबा, पण एरंडीचं वावडं फार वाईट. पोतं रिकामं केलं तरी त्याच्या विणीत राहिलेली धूळ पुरते." मी म्हणालो, "मला माहीत आहे. मी तपासलंय." त्यांनी मला डॉक्टर समजून खुर्ची दिली. मी बसलो.

किशनरावांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. दोन वर्षांनी माझी बदली झाली आणि गंगाखेडच्या बाजूनं जाताना गाडी पुढं सिग्नल नसल्यानं रांगत होती. मी खिडकीत होतो. फाटक आलं. बाजूला एक खोली, इतकी लहान की दारात उभं राहिलं तर मागची भिंत दिसावी. दारात भुरी. फाटकाशी पोत्यांनी भरलेली एक बैलगाडी अडलेली आणि तिच्यासमोर एका हातात हिरवं निशाण घेतलेले किशनराव. उपरणं डोक्याला बांधलेलं. नाक उघडं. ते गाडीवानाला बोलत होते आणि सवयीनं मी शब्द मोजायला लागलो.

"तुला कितीदा सांगितलं, पोती कशाची हायत ते आधी सांगत जा, आन् गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी करत जा, फाटक काय तुझ्या..."

त्यांनी मला पाहिलं. निशाण जरासं वर केलं, पण बोलणं तोडलं नाही. मी एकविसापर्यंत मोजले. मग गाडीनं वेग घेतला. वाक्य चालूच होतं.